एकवीस खेपा

आमच्या संस्थेच्या तपासणीच्या कार्डावर दोन चौकोन असत. एकात 'पास' आणि दुसऱ्यात 'नापास'. जुन्नर-आंबेगावच्या कुठल्याही गावात गोबरगॅसचा घुमट बांधून झाला, की मी मोटारसायकलवरून जायचो, चाचणी घ्यायचो, दोनपैकी एका चौकोनात खूण करायचो आणि खाली सही ठोकायचो. नोकरी लागून दोनच महिने झाले होते आणि 'नापास'चा चौकोन अजून कोरा करकरीत होता. नुकतीच पदविका घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला स्वतःच्या सहीचं जे कौतुक असतं, ते मला भरपूर होतं. ते उतरवलं ठकामावशीने.

खोडदला एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे मी उभा होतो. लांबवर रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. घुमटाच्या टोकाला लावलेली नळी मी पाहिली, समाधान पावलो आणि पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात शेणकाला बाहेर पडायच्या तोंडातून एक डोकं वर आलं. केसांत सिमेंट, कपाळावर सिमेंट, कासोटा घट्ट मारलेला, आणि उंची इतकी बेताची की पूर्ण बाहेर आल्यावरही ती अजून आतच उभी आहे असं वाटावं.

"सायब, पेन ठेवा खिशात. घुमट पास नाय."

मी म्हटलं, तुम्ही कोण? तर म्हणाली, "गिलावा माझा हाय."

आता हे घुमटाचं प्रकरण थोडं सांगायला हवं. जमिनीत विटांची गोल टाकी, तिच्यावर विटांचाच घुमट आणि त्यावर मातीचा भर. आत शेणकाला आंबतो आणि त्याचा गॅस घुमटाखाली साठतो. रात्रभर साठतो, सकाळी चुलीवर संपतो, दुपारभर साठतो, संध्याकाळी पुन्हा संपतो. जुन्या पद्धतीची लोखंडी टाकी गॅसबरोबर वर-खाली होते, ते सगळ्यांना दिसतं. विटांचा घुमट जागचा हलत नाही. म्हणून सगळ्यांना वाटतं, त्याला काही होतच नाही. मलाही तसंच वाटायचं.

आमची चाचणी सोपी होती. टाकीत पाणी भरायचं, म्हणजे घुमटाखालची हवा दाबली जाते. फळीवर ठोकलेल्या वाकड्या नळीत गुलाल घातलेलं पाणी असे, ते त्या दाबाने चढायचं. तिथे खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघायचं. बोटभरापेक्षा कमी उतरलं असेल तर पास. खोडदच्या नळीतलं पाणी तर नखभरही उतरलं नव्हतं.

मी तिला हे समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एक दिस उपास समद्यांनाच घडतो. वरीसभर करून बघा."

मग तिने तिची पद्धत सांगितली. पाणी चढवायचं, नळी खुणेपर्यंत आली की थांबायचं, मग पाणी काढून घेऊन नळी पार खाली बसू द्यायची. ही झाली एक खेप. अशा एकवीस खेपा झाल्या आणि एकविसाव्या खेपेलाही नळी जागची हलली नाही, तर घुमट पास. लाइट कधी येईल याचा भरवसा नसायचा, त्यामुळे दिवसाला एक खेप झाली तरी खूप. काढलेलं पाणी ती कांद्याच्या वाफ्यांत सोडायला लावायची, त्यामुळे शेतकरी कुरकुरत का होईना तयार व्हायचा. मी तिला विचारलं, एकवीसच का? तिचा पहिलावहिला घुमट सतराव्या खेपेला गळला होता म्हणे. वरच्या चार तिच्या मनाच्या.

खोडदचं कार्ड मी तीन आठवड्यांनी भरलं.

मारुतीदा हा तिचा नवरा. विटा लावायचं काम त्याचं आणि आतून गिलाव्याचे सात हात द्यायचं काम तिचं. मारुतीदा दिवसाला चार-पाच शब्द वापरायचा, बाकीचे त्याने बायकोच्या नावावर केले होते. मी सुरुवातीला मावशीला अहो-जाहो करायचो. तिने ते आठ दिवसांत बंद पाडलं. "मला तुमी म्हनू नका. तुमी म्हनलं का भांडता येत नाय." तेव्हापासून ती मला अरे म्हणायला लागली आणि आमची भांडणं सुरळीत सुरू झाली.

गिलावा सुकला की ती अंगठ्याच्या नखाने तो चाचपायची. भेग डोळ्याला दिसायच्या आधी नखाला सापडते असं ती म्हणायची. उजव्या अंगठ्याचं नख तिने त्यासाठीच वाढवलं होतं, आणि ते मोडलं तर दोन दिवस कुणाशी बोलत नसे. तिच्याबरोबर एक तांबडी कोंबडी असायची. जुना घुमट दुरुस्तीला उघडला, की आत साठलेल्या विषारी हवेने माणूस दगावतो. म्हणून मावशी आधी कोंबडी डालग्यात घालून दोरीने आत सोडायची, मशेरी लावून होईपर्यंत वाट बघायची आणि मग डालगं वर ओढायची. कोंबडी टणटणीत असेल तरच स्वतः उतरायची. त्या कोंबडीचं नाव तिने 'सायब' ठेवलं होतं. "आधी सायब उतरत्याल, मंग मी," असं ती माझ्याकडे बघून म्हणायची. एसटीत कंडक्टरने कोंबडी घ्यायला नकार दिला, तर ती त्याला सांगायची, की ही तपासणीला निघाली आहे, हिला अडवलंत तर एखाद्याचा जीव जाईल. ती खरं तेच सांगत होती, पण सांगायची अशी की पुढच्या सीटवरचे लोक वळून कंडक्टरलाच दम द्यायचे.

दर वर्षी मे महिन्यात ती आठ दिवस गायब व्हायची. काम कितीही अडलेलं असो, कुणी कितीही विनवो, ती थांबायची नाही. मारुतीदाही तिच्याबरोबर जायचा. कुठे जाता विचारलं, तर "काम हाय" एवढंच उत्तर मिळायचं.

एकदा मी तिला छेडलं, की हे खेपांचं शास्त्र तू शिकलीस कुठे, आमच्या पुस्तकात तर नाही. तेव्हा तिने सांगितलं. तिचं गाव आंबेगावच्या पश्चिमेला, भाताच्या खाचरांचं. धरण झालं आणि गाव पाण्यात गेलं. ही माणसं मंचरच्या अलीकडे येऊन राहिली. पहिल्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं आणि तिचं घर उघडं पडलं. भिंती जशाच्या तशा उभ्या. सहा-सात महिने पाण्याखाली राहूनही पडल्या नव्हत्या. तिला वाटलं, घराने पाण्याला दाद दिली नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात गेली, तर भिंतींना केसासारख्या भेगा. तिसऱ्या उन्हाळ्यात भिंतीच नव्हत्या. चुलीमागची दगडी भिंत तेवढी शिल्लक होती.

"पाण्यानं नाय पडलं घर," ती म्हणाली. "पाणी आलं, गेलं, आलं, गेलं. त्या येण्या-जाण्यानं पडलं. गॅसचं तेच हाय. भरल्यानं घुमट मोडत नाय. भरला, सांडला, भरला, सांडला, त्यानं मोडतो."

तिचं बोलणं मला पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि सहीच्या वेळी हात आखडणं वेगळं, हे मला राजुरीत कळलं.

राजुरीला रंगनाथशेठचा मोठा गोठा होता. त्यांनी आमच्या संस्थेकडून मोठा घुमट बांधून घेतला. दोन्ही तालुक्यांत एवढा मोठा दुसरा नव्हता. शेठ माणूस दिलदार, कामावरच्या प्रत्येकाला घरचं दूध पाजणारा, पण हौशी. उद्घाटनाला मोठे पाहुणे बोलावले, मांडव घातला, आणि पाहुण्यांना नुसता मातीचा ढीग काय दाखवायचा म्हणून घुमटावरची माती गड्यांकडून उकरून काढली. उघड्या पडलेल्या घुमटाला चुना फासला, गेरूचे पट्टे ओढले, झेंडूच्या माळा घातल्या. दिसायला तो खरंच देखणा दिसत होता.

मावशीच्या अकरा खेपा झाल्या होत्या. बाराव्या खेपेसाठी ती सकाळी आली, तर समोर हा सजवलेला घुमट. ती सरळ घुमटावर चढली आणि माळा बाजूला सारून टोकावर मांडी घालून बसली.

शेठ आधी हसले. मग त्यांना कळलं, की ती उतरणार नाही. ती वरूनच सांगू लागली, की खालून गॅस ढकलतो आणि वरून माती दाबते, दोघांचा जोर सारखा असला की मधली वीट निवांत असते. माती काढली म्हणजे विटेला एकटीला सोडलं. माती परत टाका, खेपा पहिल्यापासून मोजा, मग बोलवा पाहुणे.

शेठ म्हणाले, "मावशे, पावणं नारायणगावात आलं. आता माती टाकायची का तुझ्या नादानं?"

"टाकू नका. मंग मीच बसते. माती काढली तर माझं वझं घ्या."

मांडवातले लोक हसले. तिचं वजन एखाद्या पोत्याएवढंही नसेल. आमचे मोठे साहेब पुण्याहून आले होते, त्यांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, एक दिवसाची चाचणी झाली का? झाली. नळी उतरली का? नाही. मग कार्ड का भरलं नाही? माझ्याकडे उत्तर होतं, ते घुमटावर बसलं होतं. पण मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, मावशी, उतर.

"तू सांगतो का तुझं सायब सांगत्यात?"

मी साहेबांकडे बघितलं.

"कार्ड कुनाकडं हाय?"

"माझ्याकडे."

"मंग मी बसून काय व्हनार? लिव्ह तुला काय लिव्हायचं ते."

मी तिच्यादेखत 'पास'च्या चौकोनात खूण केली आणि सही केली. माझा हात आखडला नाही, याची मला आजही लाज वाटते. सही होईपर्यंत ती बघत राहिली. मग आपली आपण उतरली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "घुमट आता तुझा. माझा नाय."

पाहुणे आले, शेणकाल्याची पहिली बादली टाकीत पडली, टाळ्या झाल्या. मावशी तोवर कोंबडीचं डालगं काखेत घेऊन फाट्यापर्यंत गेली होती.

साहेबांनी तिचं नाव आमच्या कारागिरांच्या यादीतून काढलं. दुसऱ्या बाईला शिकवा म्हणाले. मारुतीदाला मात्र काम द्यायची तयारी होती. तो म्हणाला, "तिच्याबिगर मी घुमटाला हात लावणार नाय." त्याच्या मानाने हे भाषणच झालं. तो घरांच्या भिंती बांधायला जाऊ लागला आणि मावशी मंचरला एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला. ज्या बाईने दोन तालुक्यांतल्या कितीतरी चुलींचा गॅस धरून ठेवला होता, ती सडका कांदा बाजूला टाकत बसली. मी एकदा तिकडून जाताना मुद्दाम थांबलो. मला माफी मागायची होती. तिने मान वर न करता विचारलं, "राजुरीची नळी कितीवर हाय?"

मला माहीत नव्हतं. मी निघून आलो.

त्यानंतर मात्र मी काहीतरी निमित्त काढून राजुरीला जाऊ लागलो. चाचणीची फळी तिथेच ठेवलेली होती. दोन महिने नळी ठीक होती. मग एक बोट खाली आली, मग दोन. दर खेपेला मी बघायचो, शेठकडचं दूध प्यायचो आणि काही न बोलता परत यायचो.

बोलली ती शेठची सून, सुनंदा. गोठ्यावरच्या गड्यांच्या भाकरी ती करायची. पहिल्यांदा सगळ्या भाकरी होईपर्यंत ज्योत टिकायची. मग शेवटच्या पाच राहू लागल्या, मग दहा. घरातल्या बाप्यांनी सांगितलं, तू गॅस फार मोठा ठेवतेस. तिने वाद घातला नाही. रोज सकाळी शेगडी पेटवायच्या आधी ती नळीजवळ जायची आणि पाणी जिथे असेल तिथे फळीवर कुंकवाने एक रेघ ओढायची. सहा महिन्यांच्या रेघा झाल्या, तेव्हा तिने ती फळी नळीसकट उपसली, काखेत मारली आणि एसटीने मंचरला जाऊन मावशीपुढे ठेवली.

हे मला नंतर सुनंदाने सांगितलं. मावशीने कांदा खाली ठेवला, हात पुसले आणि नखाने एकेक रेघ मोजत वरपासून खालपर्यंत आली. मग म्हणाली, "पोरी, माझं काम तू केलं की."

ती राजुरीला आली, पण अटी घालून. घुमट रिकामा करायचा. दुरुस्तीनंतर वर हातभर माती टाकायची आणि ती पुन्हा कुणी काढायची नाही. एकवीस खेपांना पाण्याच्या मोटारीपाशी स्वतः शेठने बसायचं. आणि चौथी अट माझ्यासाठी होती. मी कार्ड घेऊन यायचं.

शेठला घाई होती. घुमट उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, उतर आत. मावशीने डालगं सोडलं. वर आलं तेव्हा कोंबडीची मान लोंबत होती. वाऱ्याला ठेवून पाणी मारल्यावर बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. शेठ ओट्यावर जाऊन बसले आणि पुढचे तीन दिवस घाईचं नाव त्यांनी काढलं नाही.

चौथ्या दिवशी कोंबडी टणटणीत वर आली आणि मावशी आत उतरली. तिने मला खाली बोलावलं आणि भिंत व घुमट जिथे जुळतात तिथे माझा हात नेला. डोळ्याला काही दिसत नव्हतं. तिने माझा अंगठा धरून नख गिलाव्यावरून ओढलं, तेव्हा ते अडकलं. मग पुढे अडकतच गेलं, जवळजवळ अर्ध्या टाकीभर.

"गावली?" तिने विचारलं.

बाहेर आल्यावर मी कार्ड काढलं, 'पास'वरची खूण खोडली, 'नापास'मध्ये केली, त्या दिवसाची तारीख घालून पुन्हा सही केली. साहेबांनी मला बोलावून घेतलं, संस्थेच्या कार्डावर खाडाखोड केल्याबद्दल. मी म्हटलं, खाडाखोड नाही, दुरुस्ती आहे, आणि दुरुस्ती करायला जी बाई लागली तिचं नाव यादीत परत घ्या. एवढं बोलायला मला नऊ महिने लागले. नाव परत घेतलं गेलं, पण नाइलाजाने, आणि साहेब माझ्याशी पुढे कधी नीट बोलले नाहीत. शेठनी मोटारीपाशी खुर्ची टाकून एकवीस खेपा मोजल्या. एकविसाव्या खेपेला गुलालाचं पाणी खुणेवर स्थिर राहिलं, तेव्हा मावशी "पास" म्हणाली आणि तिने चहा मागितला. तोवर त्या घरचा चहा तिने घेतला नव्हता.

पुढे घरोघरी सिलिंडर आले. गोठ्यांतली जनावरं कमी झाली, घुमटांत शेणकाला वाळून दगड झाला. आमची संस्था आवरली आणि मी नोकरी बदलून पुण्याला गेलो. मावशी कुठे असते, काय करते, याची चौकशी मी केली नाही. आपली माणसं अशी आपल्या हातूनच सुटतात.

नंतर बऱ्याच वर्षांनी, एका मे महिन्यात, जुन्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नासाठी मी पश्चिमेकडच्या एका गावी गेलो होतो. लग्न दुपारचं होतं, वेळ होता म्हणून धरणाच्या काठाने चालत निघालो. पाणी पार तळाला गेलं होतं. भेगाळलेल्या गाळात बुडालेल्या गावाची जोती वर आली होती. एवढ्या मोठ्या उघड्या जागेत एकच दगडी भिंत उभी होती, पुरुषभर उंचीची, आणि तिच्यासमोर दोन माणसं. एक म्हातारा घमेल्यात सिमेंट कालवत होता. एक ठेंगणी बाई करणीने गिलाव्याचा हात देत होती.

मला तिच्या मे महिन्यातल्या आठ दिवसांचा उलगडा तेव्हा झाला.

तिने मला लगेच ओळखलं. बरा आहेस का वगैरे विचारलं नाही. म्हणाली, "ये. नख हाय का तुला?"

मी अंगठा टेकवला. वरपासून खालपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत नख फिरवलं. कुठेही अडकलं नाही. दर वर्षी पाणी त्या भिंतीच्या डोक्यावरून चढत होतं आणि दर उन्हाळ्यात उतरत होतं, आणि दर उन्हाळ्यात ही बाई येऊन एक हात देऊन जात होती. धरणावरचा एक अधिकारी तिला हटकायला आला होता, असं मारुतीदाने सांगितलं. ती त्याला म्हणाली होती, "पाणी तुमचं, भिंत माझी."

"कार्ड हाय का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, मावशी, ती नोकरी सुटून किती वर्षं झाली. तिने हात पुढे केला तो मागे घेतला नाही. माझ्या खिशात लग्नाची पत्रिका होती. तिच्या कोऱ्या बाजूला मी दोन चौकोन काढले, 'पास' आणि 'नापास'.

"चौकोन तसंच ठेव," ती म्हणाली. "नऊ लिव्ह, अन् सही कर. मधी येकदा भेग गावली, मंग पयल्यापासून मोजलं. ही नववी खेप हाय. अजून बारा राहिल्यात."

मी आकडा घातला आणि सही केली. तिने पत्रिका उन्हात धरून बघितली, घडी घातली आणि कमरेच्या चंचीत ठेवली. ती सत्तरीला आली होती. मारुतीदा तिच्याहून मोठा. मी न राहवून म्हटलं, मावशी, अजून बारा वर्षं?

"मंग?" ती म्हणाली. "पाण्याला कुठं घाई हाय?"

आणि माझ्याकडे पाठ करून तिने घमेल्यातला पुढचा घास करणीवर घेतला.